‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ बहुतेक जण चुकीची वाजवतात

गिटारच्या क्लासमध्ये ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पलची ही रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, पहिल्या महिन्याभरातच येते. सोपी म्हणून शिकवतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. जाड तारांवर पॉवर कॉर्ड, म्हणजे सा-पंचमाच्या जोड्या, धरायचे, पिकने वरून खाली ठोकायचे, झालं गाणं! बँडचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती अशी वाजवत नाही, आणि या फरकावरच गाण्याचा सगळा आवाज उभा आहे.

तो डी आणि जी या मधल्या दोन तारा वापरतो. पिक बाजूला ठेवून अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकदमच खेचायच्या. डाव्या हाताचं एक बोट दोन्ही तारांवर आडवं. फ्रेट (गिटारच्या मानेवरचे कप्पे) असे: मोकळी, 3, 5. मोकळी, 3, 6, 5. मोकळी, 3, 5, 3, मोकळी. पिक लावलं की एक तार आधी आणि दुसरी किंचित मागून वाजते, त्यामुळे सुराची धारच जाते.

पेटीवर बघायचं असेल तर पांढरी पाच सा धरा. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. गिटारवर यातल्या प्रत्येक सुराखाली त्याची जोडी वाजते. सा-खाली मंद्र पंचम, म्हणजे तानपुऱ्यातलीच प-सा जोडी. पॉवर कॉर्डमध्ये हे उलटं होतं. सा तळाला जातो, पंचम वर येतो आणि धून झाकली जाते. शिवाय ओव्हरड्राइव्हवरच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या अँपमधून हे दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनांमधल्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. सा-ची 196 वजा पंचमाची 147, म्हणजे 49 हर्ट्झ. हा त्याच सा-च्या दोन सप्तकं खालचा सा! दोन बारीकशा सुरांतून एवढं वजन येतं ते असं.

दुसरी चूक लयीची. चार मात्रांच्या आवर्तनात पहिले तीन आघात 1, 2, 3 या मात्रांवर नीट पडतात. पुढचा सा मात्र चौथ्या मात्रेच्या अर्ध्यावर येतो. पुढच्या आवर्तनात कोमल ग दीडवर, तीव्र म अडीचवर, आणि मग शुद्ध म बरोबर तिसऱ्या मात्रेवर उतरतो. शेवटचे ग आणि सा हेही अर्ध्यावरच. शिकाऊ हात हे सगळं मात्रेवर आणून ठेवतात आणि रिफ कवायतीसारखी चालायला लागते. मेट्रोनोम आधी मिनिटाला 70 मात्रांवर लावा, पायाने मात्रा धरा, मग 112 च्या आसपास या. पहिले दोन सूर तोकडे तोडायचे. मोकळ्या तारा घुमत राहतात, त्या डाव्या हाताची बोटं नुसती टेकवून थांबवायच्या.

बँडच्या ऑर्गनवादक जॉन लॉर्डने हीच रिफ हॅमंड ऑर्गनवर, तोही मार्शल अँपमधून फाटलेल्या आवाजात, गिटारला जोडून वाजवली आहे. गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो हे हेडफोन लावूनही पटकन कळत नाही. हे श्रेय लॉर्डला फार कमी लोक देतात.

गाण्यातली घटना अक्षरशः खरी आहे. 4 डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँट्रो. कसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याची ज्योत उडवणारी बंदूक) छताकडे उडवली आणि कसिनो जळून गेला. जीवितहानी झाली नाही. लोकांना बाहेर काढायला धावलेले क्लोद नोब्स, म्हणजे माँट्रो जॅझ फेस्टिव्हलचे संस्थापक, गाण्यात ‘फंकी क्लॉड’ म्हणून अमर झाले. डीप पर्पल त्याच कसिनोत अल्बम रेकॉर्ड करणार होते. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने आणला होता, आणि आता जागाच उरली नव्हती. आधी पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. तिथे या रिफचा मूळ ट्रॅक झाला, पण आवाजाच्या तक्रारीवरून पोलिस आले. मग हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल घेतलं, कॉरिडॉरमध्ये गाद्या लावल्या, आणि मार्टिन बर्चने उरलेला अल्बम, ‘मशीन हेड’, तिथे ध्वनिमुद्रित केला.

‘स्मोक ऑन द वॉटर’, जिनिव्हा सरोवरावर पसरलेल्या धुराचे ते शब्द, बासवादक रॉजर ग्लोव्हरला झोपेतून उठताना सुचले. गायक इयन गिलनला ते अमली पदार्थांचं गाणं वाटेल अशी धास्ती होती. सुदैवाने शब्द टिकले. अलंकार नाहीत, उपदेश नाही, कोण कुठे होतं आणि काय जळालं एवढंच. रॉकमधलं इतकं चोख वृत्तकथन मला दुसरं आठवत नाही.

बँडला मात्र या गाण्याचा भरवसा नव्हता. मार्च 1972 मध्ये अल्बम आला तेव्हा सिंगल, म्हणजे वेगळी निघणारी एका गाण्याची तबकडी, म्हणून ‘नेव्हर बिफोर’ निवडलं गेलं. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं 1973 मध्ये आणि बिलबोर्डच्या लोकप्रियता यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. डिसेंबर 1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर मदतनिधीसाठी हेच गाणं नव्याने रेकॉर्ड झालं, त्यात ब्लॅकमोर आणि गिलनसोबत ब्रायन मे, डेव्हिड गिलमोर, टोनी आयोमी हे इतर बँडचे गिटारवादक होते. माझ्या मते मूळ गाण्याची ताकद तिथे नाही, इतक्या गिटारींच्या गर्दीत रिफमधल्या मोकळ्या जागा बुजून गेल्या आहेत. ऐकायचंच असेल तर ऑगस्ट 1972 मधल्या मैफलींचा डीप पर्पलचा अल्बम ‘मेड इन जपान’ ऐका, आणि ब्लॅकमोर सुरुवातीलाच रिफशी कसा खेळतो तिकडे लक्ष द्या.