पेन ड्राइव्हवरचे पंधरा दिवस

आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपचे बटण दाबून मी दाढीला बसत असे, आणि दाढी आटोपून परत आलो तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. चार जीबी रॅम, कुरकुरणारी हार्ड डिस्क आणि चार्जर काढताच मान टाकणारी बॅटरी, या त्याच्या प्रकृतीला आम्ही सरावलो होतो. पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला, आणि विंडोज 11 ने टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसल्याचे कारण दाखवून आमच्या लॅपटॉपला दारातूनच परत पाठवले. तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकू या, ते मुक्तस्रोत आहे, फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते, असे मी घरात जाहीर केले. यातले प्रत्येक विधान खरे होते. लिनक्स नावाची एकच वस्तू असते, हा माझा समज तेवढा खोटा निघाला.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये जे लोकांपुढे ठेवले, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा केवळ गाभा होता. त्याभोवती आपापल्या आवडीचे सामान रचून कोणीही नवी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा आपला स्वतंत्र अवतार, उभी करू शकतो, आणि असंख्य लोकांनी ती केलेली आहे. मला एक ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती; हाती आली ती वंशावळ. 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी आपले आणि डेब्रा या मैत्रिणीचे नाव जोडून डेबियन सुरू केले, डेबियनपासून 2004 मध्ये उबुंटू झाले, उबुंटूपासून 2006 मध्ये मिंट झाले, आणि पुढे मिंटने स्वतःची एक आवृत्ती थेट डेबियनवर बेतून काढली, म्हणजे वडिलांना वगळून नातू परस्पर आजोबांकडे राहायला गेला. हे सारे मी वहीत बाणांसकट उतरवून घेतले. याचा लॅपटॉपला काय उपयोग, असे पत्नीने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

डिस्ट्रो ठरली तरी सुटका नसते, कारण मग डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या मेनूंची आणि खिडक्यांची मांडणी, निवडायचा असतो. एकट्या मिंटमध्येच सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई असे तीन पर्याय असून त्यांतला एक्सएफसीई सर्वांत हलका मानतात. लुबुंटू आपला एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेऊन वेगळेच उभे असते, आणि पपी लिनक्स तर आख्खेच रॅममध्ये जाऊन बसते. मधेच आपला प्रोसेसर 32 बिटचा असला तर काय, या शंकेने एक रात्र गेली, कारण डेबियनने 13 व्या आवृत्तीपासून 32 बिटच्या जुन्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले आहे. सकाळी पाहिले तर प्रोसेसर 64 बिटचाच होता, आणि हे विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकवर लिहिलेले होते.

शेवटी एकेक सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालवून पाहायचे ठरले. सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे आख्खी सिस्टीम एका फाइलीत, उतरवली, ती नीट उतरली की नाही हे तपासणारा चौसष्ट अक्षरांचा चेकसम पत्नीकडून मोठ्याने वाचून घेतला (एकावन्नाव्या अक्षरापाशी ती उठून गेली), आणि फाइल पेन ड्राइव्हवर नेहमीसारखी कॉपी केली. लॅपटॉपने तिची दखलही घेतली नाही. आयएसओ कॉपी करायची नसते, ती खास साधनाने पेन ड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते, हे मला त्यानंतर समजले. मग लॅपटॉपने पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावे हे जिथे सांगायचे, त्या बूट मेनूची कळ कोणती, हा प्रश्न आला. कंपनीचे बोधचिन्ह जेमतेम दोन सेकंद दिसते, आणि तेवढ्यात ती कळ दाबावी लागते. एफ2, एफ10, एफ12 आणि एस्केप यांवर मी पेटीवादकासारखी बोटे फिरवत होतो, आणि प्रत्येक वेळी समेला विंडोजच हजर होत असे.

एकदा जमल्यावर मात्र मला त्याचे व्यसन लागले. पेन ड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम हार्ड डिस्कला धक्का लावत नाही, सारे काम रॅममध्येच करते, त्यामुळे मी रोज एक नवी सिस्टीम चालवून वहीत गुण देऊ लागलो. एकीत वायफाय दिसेना. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट दिल्यावर ड्रायव्हर उतरला आणि वायफाय दिसू लागले. दुसरी इतकी हलकी होती की तिच्यात आवाज कमी-जास्त करायचे बटण शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. मिंट एक्सएफसीई सुरू होऊन सातआठशे एमबी रॅमवर समाधानी राहिले, पण मी ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडल्यावर त्याचाही श्वास लागला. तो दोष मी टॅबच्या नावे लिहिला.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरून आलो, तर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर मिंटच चालू होते. वहीतली पुढची सिस्टीम राहिली होती, म्हणून मी रीस्टार्ट केला. पडद्यावर ‘पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा’ अशा अर्थाची ओळ आली. मी काढला आणि दाबले. इतक्यात बाबा चष्मा पुसत आत आले.

“माझा हिशेब कुठे गेला?”

“कोणता हिशेब?”

“वर्षभराचा. दुपारपासून बसून केला. सेव्हसुद्धा केला.”

बाबांनी तो मिंटमधल्या लिबरऑफिस या हिशेब-लिखाणाच्या प्रोग्रॅममध्ये अगदी काळजीपूर्वक सेव्ह केला होता. फक्त तो रॅममध्ये झाला होता, आणि रीस्टार्टबरोबर रॅम एव्हाना रिकामी झाली होती. हे मी त्यांना वहीतल्या आकृतीच्या साहाय्याने समजावून सांगितले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

“बाबा, तुम्हांला सगळं सापडलं कसं?”

“त्यात सापडायचं काय? खाली डाव्या कोपऱ्यात मेनू होता.”

त्या आख्ख्या दुपारी त्यांनी मला एकही फोन केला नव्हता. माझ्या वहीत रॅमला, वायफायला, वंशालाही रकाना होता, याला नव्हता.

त्याच रात्री जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवून मी मिंट टाकले. हार्ड डिस्कवरचे सर्व काही पुसू का, असे इन्स्टॉलरने विचारले, तेव्हा बाबा मागेच उभे होते, आणि ‘हो’ म्हणताना माझा हात कापला. काम तासाभरात उरकले. दुसऱ्या दिवशी बाबांनी पहिल्या महिन्यापासून हिशेब पुन्हा मांडायला घेतला, आणि आता ते दर दहा मिनिटांनी मला आतल्या खोलीतून हाक मारतात, “अरे, बंद केला तर राहील ना?”