खुलासा : गेज शून्यावर असला तरी व्हॉल्व्हमध्ये दाब असू शकतो

‘लाइनवरचा प्रेशर गेज शून्य दाखवू लागला की बॉल व्हॉल्व्ह खोलून सुटा करायला हरकत नाही’, असा सल्ला देखभाल कामगारांमध्ये फिरतो आहे. बॉल व्हॉल्व्ह म्हणजे भोक असलेला गोळा (बॉल) फिरवून प्रवाह चालू-बंद करणारी झडप. हा सल्ला अपुरा असून जिवावर बेतू शकतो.

गेज दाखवतो तो पाइपातला दाब. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असताना बॉल आणि बॉडी (बाहेरचे कवच) यांच्यामधल्या पोकळीत द्रव किंवा वायू दोन्ही सीटच्या (बॉलला दोन्ही बाजूंनी घट्ट टेकलेल्या, गळती रोखणाऱ्या कड्यांच्या) आड अडकून राहू शकतो, आणि लाइन रिकामी केली तरी तो तिथेच राहतो. अडकलेला द्रव उन्हाने किंवा जवळच्या उष्णतेने तापला, तर प्रसरणाला जागा नसल्यामुळे त्याचा दाब झपाट्याने वाढतो. अशा वेळी बॉडीचे बोल्ट किंवा ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी जोडणी) सैल करणारा माणूस थेट झोतासमोर असतो.

म्हणून दोन्ही बाजूंची लाइन वेगळी करून, ती कोणी चुकून चालू करू नये म्हणून कुलूप व सूचनेचा टॅग लावून, दाब आणि द्रव पूर्ण काढल्यावर व्हॉल्व्ह अर्धवट उघडून पोकळी मोकळी करावी. बॉडीला ड्रेन किंवा व्हेंट (द्रव किंवा वायू बाहेर सोडण्याचे तोंड) असल्यास तो बाजूला उभे राहून सावकाश उघडावा. द्रव विषारी किंवा ज्वलनशील असेल, तर तो सुरक्षित जागी नेण्याची सोय आधीच हवी.

‘साठवताना सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवावेत’ हेही सरसकट खरे नाही. गेट आणि ग्लोब व्हॉल्व्ह सहसा बंद ठेवतात. बॉल व्हॉल्व्ह मात्र सीट व बॉलचा पृष्ठभाग जपण्यासाठी पूर्ण उघडा ठेवतात. तोंडावरची झाकणे जोडणीच्या वेळीच काढावीत.