डुप्लिकेट किल्ली जपण्याचे रामबाण उपाय

घराची डुप्लिकेट किल्ली पायपुसण्याखालीच ठेवावी. जागा जुनी, पण खात्रीची. चोराला दार फोडावं लागत नाही, शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. पायपुसणं अगदीच उघड वाटत असेल तर दाराजवळच्या कुंडीखाली ठेवा. तिथे चोर दुसऱ्यांदा बघतो.

किल्लीला टॅग हवाच. त्यावर नाव, घराचा नंबर आणि मजला, सुवाच्य अक्षरात. ज्याला सापडेल त्याने दारोदार किल्ली लावून बघत फिरायचं का?

नव्या घराच्या किल्लीचा फोटो लगेच सगळ्या ग्रुपवर टाका. २००८ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी १९५ फुटांवरून काढलेल्या फोटोतून किल्लीच्या खाचा मोजून दाखवल्या. तेवढ्यावर डुप्लिकेट बनते. त्या बिचाऱ्यांना त्यासाठी गच्चीवर लांब पल्ल्याची लेन्स लावून बसावं लागलं. तुम्ही तर तळहातावर घेऊन दाखवता! आणि घर जुनं घेतलं असेल तर कुलूप मुळीच बदलू नका. आधीचे मालक, त्यांचे भाडेकरू, रंगारी, सुतार, एवढ्या लोकांकडे तुमची डुप्लिकेट आयतीच सांभाळलेली आहे.

गाडीचं तंत्र जरा वेगळं. कीलेस गाडी, म्हणजे रिमोट जवळ असला की किल्ली न लावताच उघडणारी, असेल तर दोन्ही रिमोट बाहेरच्या दारालगतच्या खुंटीला टांगा. गाडीने साद घातली की रिमोट ओ देतो. ही साद-ओ लांबवर पोचवणारी यंत्रं घेऊन काही होतकरू मंडळी जोडीने हिंडत असतात, एक दाराशी, दुसरा गाडीशी. रिमोट आतल्या खोलीत नेऊन त्यांचं काम वाढवू नका. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला तर त्याला साद बहुधा ऐकूच जात नाही. इतका अबोला बरा दिसत नाही.

जादा रिमोटचा सेल मात्र कधी बदलू नका. वापरतंय कोण? पहिला रिमोट हरवेल त्या दिवशी दुसरा मेलेला निघाला की मगच खरी धावपळ होते. बऱ्याच रिमोटच्या पोटात दार उघडण्यापुरती एक साधी किल्ली लपवलेली असते, हे कुणी सांगायला आलं तर कानांवर हात ठेवा.

एवढं करूनही घरातल्या कुणी सुरक्षिततेचा हट्ट धरलाच, तर सगळ्या डुप्लिकेट किल्ल्या तिजोरीत ठेवा आणि तिजोरीची किल्ली रोजच्या जुडग्यात अडकवा.