तळ्याकाठच्या अडाणी लोकांना शहाणं कसं करावं

परक्या वनस्पती आणि परके मासे गावच्या तळ्यात शिरू नयेत म्हणून जनजागृतीचा कार्यक्रम घ्यायचं तुमच्या गळ्यात पडलंय, असं ऐकलं. अभिनंदन! काम सोपं आहे, फक्त घाई करू नका.

घाई म्हणजे काय, तर कार्यक्रम मे महिन्यात ठेवणं. त्या दिवसांत तळं तळाला गेलेलं असतं, कडेला जलपर्णीची दहा-बारा रोपं उघडी पडलेली दिसतात, आणि सांगितलं तर लोक खरोखर उतरून ती मुळासकट उपटतील, उन्हात वाळवून जाळूनही टाकतील. मग पुढच्या वर्षी जनजागृती कशाची करणार? त्यापेक्षा दिवाळीनंतरचा मुहूर्त धरा. मधल्या चार महिन्यांत पावसाने तळं भरतं, सांडव्यावरून वाहतं, आणि तळ्यात जे असेल ते व्हाळात म्हणजे ओढ्यात, शेतात, खालच्या गावच्या कोंडीत आपोआप पोचतं. जलपर्णीला हवामान मानवलं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. फोटोला मागे हिरवागार गालिचा आणि जांभळी फुलं येतील. बंगालमध्ये ही फुलं छान दिसतात म्हणूनच आणली होती. पुढे 1936 साली तिला आवरायला तिथे खास कायदा करावा लागला. पण हे भाषणात नको, सुशोभीकरण समितीची मंडळी पहिल्या रांगेत असतील.

आता श्रोते. भोई, तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका, म्हशी पाण्यावर नेणारी पोरं यांना आवर्जून बसवा. ही माणसं रोज पाण्यात असतात, नवीन पान उगवलं की यांना दुसऱ्या दिवशी कळतं, म्हणजे अज्ञान नक्की यांच्याचकडे असणार. तालुक्याच्या बाजारात रंगीत मासे विकणाऱ्याला मात्र बोलावू नका. तो बिचारा धंद्यातला माणूस. बंगल्यापुढे कमळाचं टाकं बांधणाऱ्या शेटनाही त्रास नको. आणि गणपतीला येताना पोरांच्या हट्टापायी काचेची पेटी घेऊन येणारे चाकरमानी तर पाहुणे, त्यांना कोण शिकवणार?

या पेटीचं महत्त्व समजून घ्या. तिच्यात शेवाळ खायला म्हणून सकरमाउथ नावाचा बोटाएवढा मासा सोडतात. तो बोटाएवढा राहत नाही. हातभर होतो, काच घाण करतो, आणि अनंत चतुर्दशीनंतर मुंबईची गाडी पकडायच्या आधी घरात प्रश्न उभा राहतो: आता याचं काय करायचं? मारायचा कसा, जीव आहे! म्हणून तळ्यात. बाप मुलाला शेजारी उभं करून सोडतो, मूल टाळ्या वाजवतं, दोघांनाही पुण्य लागतं. मासा काठाच्या मातीत बिळं करतो, बांध पोखरतो, अंगावरच्या काट्यांनी पागरं, म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं, फाडतो. खायला कुणी घेत नाही. पागरं भोयाचं असतं, पुण्य चाकरमान्याचं. वाटणी न्याय्य आहे.

लाल कानाच्या अमेरिकन कासवाचंही तसंच. आपली देशी कासवं पाळायला कायद्याने बंदी, म्हणून दुकानदार हे परकं कासव देतो. रुपयाच्या नाण्याएवढं घेतलेलं कासव जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. घराला बरकत येईपर्यंत ठेवायचं, नाही आली तर तळ्यात. तळ्याला बरकत येते.

पडद्यावर दाखवायला चित्रं अमेरिकेची घ्या. तिथे झेब्रा शिंपली 1988 मध्ये मोठ्या सरोवरांत सापडली. जहाजाचा तोल राखायला पोटात भरलेल्या पाण्यातून ती आली होती. तेव्हापासून तिथे बोट धुवा, पाणी काढून टाका, वाळवा, असा धडा तळ्यातळ्यावर देतात. धडा चांगला आहे. तो तुमच्या गावच्या होडीवाल्याला तासभर समजावा, ज्याची होडी त्याच्या आजोबांपासून त्याच एका तळ्यात आहे. मध्य अमेरिकेकडची तशीच एक काळी शिंपली मुंबईच्या बंदरात केव्हाच येऊन चिकटली आहे, ते मध्ये आणून विषय लांबवू नका.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात खरोखर जाणारी गोष्ट म्हणजे पोकलेन. गाळ काढायचं आणि जलपर्णी काढायचं कंत्राट एकाचंच असतं. सकाळी वरच्या वाडीच्या तळ्यातून बादलीभर जलपर्णी उपसली, संध्याकाळी ट्रेलरवर चढवून मशीन खालच्या वाडीला. साखळीच्या पट्ट्यात अडकलेले तुकडे आणि चिखलातलं बी बरोबर जातं, आणि हे बी चिखलात पंधरा-वीस वर्षंही दम धरून राहतं. मशीन धुवायला टँकरभर पाणी आणि तासभर वेळ लागतो, पण निविदेत तसं कलम नाही. कंत्राटदाराला स्टेजवर बसवा, मंडप त्यानेच घातलेला असतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एखादा म्हातारा विचारेल, “गेल्या हप्त्यात ता मशीन खंयच्या तळ्यात होता रे?” त्याला नम्रपणे सांगा, “आजोबा, प्रश्न शेवटी घेऊया.” शेवटी चहा ठेवा.

सरकारी परंपरेचा उल्लेख टाळा. डासांच्या अळ्या खायला परदेशातून गॅम्बुसिया मासे 1928 च्या सुमारास आले, लोकांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून आफ्रिकेची तिलापिया 1952 मध्ये आली. हेतू दोन्ही वेळा चांगलाच. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिलापिया कुठल्याही डबक्यात कुटुंब वाढवते, आणि आपल्या मरळीला जागा उरत नाही. गप्पी बंद हौदात सोडणं ठीक आहे, व्हाळाला जोडलेल्या तळ्यात सोडणं ठीक नाही. पण हा फरक सांगितला तर लोकांना समजेल, म्हणून नको. आफ्रिकी मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे, हेही हळूच म्हणा.

कुणी मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तळ्याचं उदाहरण देईल. ते तळं 1530 मध्ये बांधलं, 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. विचार करा, जवळजवळ पाचशे वर्षं एकही माहितीफलक नसताना लोकांनी ते राखलं! असली उदाहरणं कार्यक्रमाला मारक असतात. तुम्ही ताबडतोब फलकाच्या अनावरणाकडे वळा. फलक गुळगुळीत, मोठा, नेत्यांच्या फोटोंसह. जलपर्णीचं चित्र फोटोंच्या खाली मावेल तेवढंच.

राहता राहिला पाहुण्यांचा सत्कार. शाल-श्रीफळ आता जुनं झालं. विषयाला धरून काही द्यायचं, तर प्रत्येकाच्या हातात पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी द्या, आत दोन रंगीत मासे. घरी पेटी नसलेल्यांसाठी तळं मंडपाच्या मागेच आहे.