एकटाच धावलो, तिसरा आलो

माझ्या कारल्यांचा तिसरा नंबर आला. त्या गटात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

ही बातमी ऐकली की लोक आधी अभिनंदन करतात, मग गप्प होतात, मग बोटांवर काहीतरी मोजायला लागतात. आईने तर फोनवर उलटतपासणीच घेतली.

"तिसरा? मग पहिला कोण आला?"

"कुणीच नाही."

"आणि दुसरा?"

"तोही कुणी नाही, आई."

"म्हणजे दोन जागा रिकाम्या ठेवल्या आणि तुला तिसऱ्यावर नेऊन बसवलं?" ती जरा थांबली. "तिथं कुणाशी भांडलास का रे?"

वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे वासरंसुद्धा नव्हती. गोठ्यात गाय एकटी, तीही धडधाकट, आणि तरी तिसरी.

मी अमेरिकेत, ओहायोत राहतो. या राज्यात 88 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि उन्हाळा लागला की ऑक्टोबरपर्यंत कुठे ना कुठे काउंटी फेअर चालूच असते. फेअर म्हणजे जत्राच. आकाशपाळणा असतो, धूळ असते, हरवलेली पोरं असतात, ओरिओ बिस्किटं पिठात बुडवून तळून देणारा माणूस असतो. फक्त देव नसतो. देवाच्या जागी नियमपुस्तिका असते, आणि तिची भक्ती मात्र कडक. टोमॅटो पाच, देठ काढून. चेरी टोमॅटो बारा. घेवड्याच्या शेंगा बारा, देठासकट. कांदे पाच, सोललेले चालणार नाहीत. तेल किंवा मेण लावून चमक आणायची नाही. सगळं पांढऱ्या कागदी ताटलीत. कारल्यांचं नाव कुठेच नव्हतं, पण यादीच्या तळाशी 'वर न दिलेली कोणतीही भाजी, पाच नग' असा एक गट असतो. मी तिथे शिरलो. परसात मांडव घालून वाढवलेली कारली होती, आखूड, गडद हिरवी, काटेरी. हरणं आमच्याकडचं गुलाबाचं झाडसुद्धा सोडत नाहीत, पण या वेलाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही.

आता एकट्याचा तिसरा नंबर कसा येतो ते सांगतो, कारण मलाही ते कुणीतरी समजावून सांगितलं आणि माझं समाधान झालं नाही. आमच्या जत्रेत भाज्यांना 'डॅनिश पद्धत' लावतात. एका ताटलीची तुलना दुसरीशी करायची नाही, प्रत्येक ताटली आदर्श नमुन्याशी ताडून बघायची. उत्तम असेल तर निळी रिबीन, बरी असेल तर लाल, सुधारायला वाव असेल तर पांढरी, म्हणजे तिसरा नंबर. दहाच्या दहा ताटल्या उत्तम असतील तर दहाही निळ्या. मुळात हे 4-एचच्या पोरांसाठी फार चांगलं आहे. ती चळवळ आमच्या ओहायोतच सुरू झाली. 1902 साली क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकाने पोरांना गोळा करून शेतीचे धडे द्यायला सुरुवात केली. चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ: डोकं, हृदय, हात आणि आरोग्य. डॅनिश पद्धतीत पोरांचं हृदय मोडत नाही. माझं हृदय पन्नाशीला आलेलं आहे, त्याची तरतूद पुस्तिकेत नाही.

मावसभाऊ कॅनडात, टोरांटोजवळ राहतो. तो म्हणाला, "आमच्याकडे पहिल्याला लाल देतात आणि दुसऱ्याला निळी." क्षणभर आशा वाटली. मग लक्षात आलं, पांढरी दोन्ही देशांत तिसरीच.

तर ताटल्या जमा करायची संध्याकाळ. पत्र्याची मोठी शेड, लांबलचक टेबलं, कोपऱ्यात गरगरणारा एक उभा पंखा. माझ्या शेजारी पंच्याहत्तरीच्या पुढचे एक आजोबा उभे होते. त्यांच्यासमोर टोमॅटोंच्या दोन टोपल्या आणि एक रिकामी ताटली. दोन टोपल्यांतून पाच निवडायचे होते. आजोबांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याची डबी काढली, असं मला वाटलं. तो व्हर्निअर कॅलिपर होता. बारावीनंतर मी तो प्रथमच माणसाच्या हातात बघत होतो.

आजोबा एकेक टोमॅटो उचलत, कॅलिपरच्या चिमटीत धरत, डोळा बारीक करून आकडा वाचत. "2.71." टोमॅटो उजवीकडे. "2.70." उजवीकडे. "2.77." हा डावीकडे.

"चांगला दिसतोय की," मी म्हणालो.

"बाकीच्यांपेक्षा सहा शतांश इंचाने जाड आहे," आजोबा म्हणाले. घरातला धाकटा दारूला लागला हे सांगावं असा त्यांचा आवाज होता.

मग त्यांचं लक्ष माझ्या ताटलीकडे गेलं.

"हे काय?"

"कारली."

"खातात?"

"हो."

"चव कशी असते?"

"कडू."

आजोबांनी यावर बराच वेळ विचार केला. "मुद्दाम?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. "मोजू का?" म्हणाले. मी म्हटलं मोजा. त्यांनी एक कारलं अलगद उचललं, कॅलिपर जवळ नेला आणि अडले.

"कुठून मोजायचं? टेंगळाच्या वरून, की दोन टेंगळांच्या मधून?"

"नियमात काय आहे?"

"नियमात टेंगळंच नाहीत," आजोबा म्हणाले. त्यांचा हा पहिलाच असा प्रसंग असावा. शेवटी त्यांनी दोन्हीकडून मोजलं, माझ्या चिठ्ठीच्या मागे 'वर' आणि 'खाली' असे दोन रकाने पाडले, पाचही कारल्यांचे आकडे भरले आणि सरासरी काढली. मागे रांग वाढत होती. एक बाई काकड्या घेऊन उभी होती, ती आदराने थांबली होती.

"हे चौघे एका घरचे आहेत," आजोबांनी निकाल दिला. "हा पाचवा पाहुणा."

"पाचही एकाच वेलावरचे आहेत हो."

"एका वेलावर असतील. एका ताटलीत नकोत. घरी आणखी आहेत का?"

"होती. काल भाजी केली."

"जत्रेच्या आठवड्यात?" आजोबांचा चेहरा उतरला. "खाल्लीत?"

मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही काय, टोमॅटो खात नाही?

"मला टोमॅटो आवडत नाहीत."

"मग दोन टोपल्या पिकवता कशाला?"

"पाच सारखे मिळायला तेवढे लावावेच लागतात."

यावर काय बोलणार? पण आजोबा माणूस मदतीचा. त्यांनी फोन काढला, कारल्याचं चित्र शोधलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. चित्रात चिनी कारलं होतं. लांबलचक, फिकट हिरवं, बोथट उभ्या वळ्यांचं, मेणबत्ती वितळल्यासारखं. "यांची कातडी बघा," आजोबा म्हणाले. मी सांगितलं की ती चिनी जात, आमची वेगळी, आमच्या कारल्याला काटे असतात आणि काटे कडक असले की ते ताजं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल," म्हणाले, "पण चित्र यांचंच पहिलं येतं."

आमच्या सांगलीकडे खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. तिथे घेणारा बैलाचा जबडा उघडून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो, आणि मग भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. फसवाफसवीही भरपूर होते, पण जनावराला हात लागतो. आई मंडईत भेंडीचं शेपूट कट्‌कन मोडून बघते, भाजीवाली ओरडते, ती तरी मोडते. बघण्याच्या या रीती आहेत. इथे आमच्या जत्रेत भाजी चिरत नाहीत, वास घेत नाहीत, चाखणं तर दूरच. बायकोने त्याच संध्याकाळी लिंबाचं लोणचं नेलं होतं. ते टेबलावरूनच परत आलं. बरणीत वर किती जागा सोडली, उकळत्या पाण्यात किती मिनिटं ठेवली, कृषी खात्याने तपासलेली कृती वापरली का, असे रकाने होते. पीएच 4.6 च्या वर असेल, म्हणजे आंबटपणा कमी पडला, तर बोटुलिझमची, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराची भीती. हे सगळं बरोबर आहे, त्या जंतूची थट्टा करायची नसते. पण बायकोचं म्हणणं असं की तिच्या आजीची कृती आजीने स्वतः खाऊन तपासली आहे आणि आजी ब्याण्णव वर्षं जगली. टेबलावरच्या मुलीने विचारलं, त्याचा काही दाखला आहे का? आणि गंमत बघा, जी बरणी स्वीकारतात तीही आमच्या जत्रेत उघडत नाहीत. लोणच्याचा नंबर काचेतून लागतो.

परीक्षण बंद दाराआड. दुसऱ्या दिवशी दुपारी शेड उघडली. आजोबांच्या टोमॅटोंवर निळी रिबीन होती. माझ्या ताटलीवर पांढरी, आणि खाली चिठ्ठी: 'पृष्ठभाग खडबडीत. पुढच्या वेळी गुळगुळीत नग निवडावेत.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. कारलं खडबडीत आहे. मिरची तिखट आहे, असंही कुणीतरी लिहून ठेवलं असेल म्हणून शेजारच्या ताटल्या बघितल्या. मिरच्यांना निळी होती.

आदर्श नमुन्याशी ताडतात म्हणे. या काउंटीत कारल्याचा आदर्श नमुना कुणी, कधी, कुठे बघितला? परीक्षक बाहेरच्या काउंटीतून आलेले, पुढे भोपळे बघायची घाई, त्यांनीही खिशातून फोन काढून पहिलं येणारं चित्रच बघितलं असणार. माहीत नाही हा गुन्हा नाही. पण माहीत नसताना विचारता येतं. मी तिथून शंभर फुटांवर लिंबू सरबत पीत उभा होतो, ताटलीवर माझा नंबर होता. एक फोड तोंडात टाकली असती आणि तोंड वाकडं करून पांढरी दिली असती तरी मी निमूट घेतली असती. ती निदान कारल्याला मिळाली असती. ही मिळाली ती दुसऱ्याच कुठल्यातरी भाजीला.

तक्रारीची सोय आहे. लेखी द्यायची, सोबत शंभर डॉलर रोख अनामत ठेवायची, तक्रार फेटाळली तर अनामत जप्त. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य त्याच्या वरच छापलेलं आहे. तिसऱ्या नंबरचं बक्षीस दोन डॉलर.

अमेरिकेतल्या या जत्रांचा जनक म्हणून एल्कॅना वॉटसन यांचं नाव घेतात. 1807 साली त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या चौकात मऊ लोकरीच्या मरिनो जातीच्या दोन मेंढ्या नेऊन उभ्या केल्या आणि बघायला गाव लोटला. त्यातून पुढे 1811 मध्ये बर्कशायरची कृषी संस्था उभी राहिली. त्यांच्याही मेंढ्यांना स्पर्धक नव्हते. पण लोकर खडबडीत आहे अशी चिठ्ठी त्यांना कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

आता पुढचं ऐका. रविवारी चारच्या आधी ताटली हलवायची नाही, हलवली तर बक्षीस रद्द. ऑगस्टअखेरची शेड, वरून पत्रा. कारलं तोडून ठेवलं तरी ते आपलं काम करत राहतं. शुक्रवारी टोकं पिवळी झाली. शनिवारी पाचही केशरी. रविवारी दुपारी पाहुणा फुटला, आजोबांनी ज्याला पाहुणा म्हटलं होतं तोच. खालून तीन पाकळ्या होऊन मागे वळल्या आणि आत लालभडक, ओल्या गरात लडबडलेल्या बिया. पोरांनी गराडा घातला. निळ्या रिबिनीच्या टोमॅटोंकडे कुणी बघेना. एका मुलीने आईला विचारलं, हे जिवंत आहे का?

विभागप्रमुख बाई हातमोजे घालून, कचऱ्याची पिशवी घेऊनच आल्या. नासलेले नग काढून टाकायचा त्यांना अधिकार आहे. मी आडवा झालो. म्हटलं, हे नासलेलं नाही, पिकलंय, बियांवरचा लाल गर गोड असतो. बाई चांगल्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी वही काढली. पुढच्या वर्षी कारल्यांचा स्वतंत्र गटच करू, म्हणाल्या, नमुना कसा असावा ते तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. मनापासून सांगितलं. आखूड, मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळतं. रंग गडद हिरवा. काटे टोकदार, कडक, एकही मोडलेला नको. नखाने दाबलं तर कचकन आवाज यावा. आत बिया पांढऱ्या, कोवळ्या. बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी वाचून दाखवलं: "कारली, पाच नग, एकसारखी, गडद हिरवी, देठ अर्धा इंच."

"आणि काटे?"

"ते नाही घेतले. मुलं हात लावतात. कुणाला टोचलं तर विमा कंपनी मला विचारणार." त्यांनी चष्मा वर सरकवला. "गुळगुळीत असावीत, एवढं घातलंय. परीक्षकांचंही तेच म्हणणं होतं."

बक्षिसाचा चेक मिळतो तो जत्रेच्या ऑफिसात, स्वतः जाऊन. महिनाअखेरपर्यंत नेला नाही तर ती रक्कम जत्रेला देणगी समजली जाते. जायला-यायला पाच डॉलरचं पेट्रोल जाईल. जाणार आहे. देणगी देणार नाही.