शाफ्ट, फूटपट्टी आणि पप्याचं गायरान

शनिवारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टपरीवर पप्या आला तो तापलेलाच. पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला म्हणून गडी गावाकडनं साठ किलोमीटर मोटरसायकल मारत आलेला. शाफ्ट कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडं टाकला, "आठपर्यंत भरून, टर्निंग मारून देतो" असं त्याच्याकडनं वदवून घेतलं आणि कट्ट्यावर येऊन बसला.

"आमच्याकडं गायरान पडीक हाय, नदी हाय, आता रस्ताबी झालाय. मग एक कारखाना का येत नाही? पुढारी नालायक, दुसरं काय!"

मास्तरांना एवढंच हवं होतं. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, निवृत्त झाले तरी फळा सुटत नाही. "पुढारी नंतर बघू. आधी वजन बघ. आल्फ्रेड वेबर म्हणून जर्मन अर्थतज्ज्ञ होता, त्यानं १९०९ मध्ये हेच मांडलं. शंभर टन ऊस गाळला की साखर मिळते दहा-बारा टन. उरलेलं ओझं लांबवर कोण वाहील? शिवाय तोडलेला ऊस वाळत पडला की साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखाना उसाच्या फडाजवळ."

"आणि पोलाद?"

"तिथं तर आपलं नशीबच आडवं आलं. जमशेदजी टाटांची पहिली नजर होती चांदा जिल्ह्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर. लोहाऱ्याचं खनिज चांगलं, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. पुढं १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाचं पत्र पाठवलं. झरियाचा कोळसा त्या बाजूला, सुवर्णरेखा आणि खरकाईचं पाणी, जवळ कालीमाटी स्टेशन. साकचीला कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तिथं पोलाद निघालं."

"म्हणजे जमशेदपूर विदर्भात झालं असतं की हो!" पप्या हळहळला. त्याला हळहळायला कारण लागत नाही.

इतका वेळ अण्णा बशीतला चहा फुंकत होते. पॅटर्नमेकर माणूस, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा; सागवानात हयात गेली. "मास्तर, तुमचं वजन ठीक. मग कोल्हापुरात फौंड्र्या का? कच्चं बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, बाहेरनं येतंय, भट्टीचा कोक त्याहून लांबनं. इथली स्वतःची काय ती पंचगंगा."

मास्तर क्षणभर थांबले. मी त्यात भर घातली, "किर्लोस्करवाडीचंही बघा की. बेळगावच्या नगरपालिकेनं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. १९१० साल. ना खाण, ना कोळसा. निवडुंग आणि साप."

"मग राजाची मेहेरबानी झाली की ती," पप्या उसळला. "मी तेच म्हणतोय, पुढारी पाहिजे!"

"जागा मेहेरबानीनं मिळाली," अण्णा म्हणाले. "किर्लोस्करांचे लोखंडी नांगर कुणी ओतले?"

आणि त्यांनी खिशातनं पितळी फूटपट्टी काढून मास्तरांच्या पट्टीशेजारी ठेवली. (मास्तरांच्या पिशवीत अजून पट्टी असते.) शून्याला शून्य लावलं. तीस सेंटिमीटरच्या रेघेला अण्णांची पट्टी तीन मिलिमीटर पुढं गेलेली.

"खोटी हाय व्हय?" पप्या.

"खोटी नाही, बीडाची हाय. बीड थंड झालं की शंभराला एक आकसतं. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. कुठं जाड, कुठं पातळ, वाळू कुठं धरंल, कुठं ढासळंल, हे पट्टीवर लिहिलेलं नसतंय. ते शिकायला मी वस्तादाच्या हाताखाली सात वर्षं काढली. शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनाची कामं करत करत ही आळी शिकली. आता वाळूचा साचा करणाऱ्या मोल्डरला पॅटर्नवाला लागतो, पॅटर्नवाल्याला मशिनिंगवाला, आणि सगळे हाकेच्या अंतरावर. सबसिडीत हे बसतंय व्हय?"

"आता कॉम्प्युटर करतोय ते."

"करतोय की. त्याला टक्का कोण सांगतंय?"

पप्यानं शेवटचा पत्ता टाकला: वीज. कर्नाटकाच्या हद्दीपलीकडं स्वस्त वीज आणि सवलती म्हणून इथले उद्योजक जायची भाषा करतात, हे कोल्हापुरात पोरासोरांना ठाऊक आहे. त्यात तथ्य आहे, मी फौंड्रीतच हिशेब लिहितो, भट्टीचं बिल दर महिन्याला माझ्याच टेबलावर येतं. पण मी ज्यांच्याकडं काम करतो त्यांनी मागं पलीकडं शेड घातली. ओतकाम तिकडं, आणि मशिनिंगला टेम्पो रोज इकडं. दीड वर्षानं ट्रान्सपोर्टचा खर्च मांडला तेव्हा मालक माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

"तरी तुमचा टेम्पो वाचवायला आमचं गायरान रिकामं ठेवायचं का?" पप्यानं विचारलं. यावर अण्णांकडं उत्तर नव्हतं, मास्तरांकडंही नव्हतं. त्यांनी आणखी एक कटिंग सांगितला.

आठला पाच कमी असताना लेथवाल्याचं पोरगं शाफ्ट घेऊन आलं. अजून कोमट होता. पप्यानं खिशातनं नवं बेअरिंग काढून चढवून बघितलं, गच्च बसलं.

"किती झाले?"

पोरानं आकडा सांगितला. पप्यानं घासाघीस न करता पैसे दिले, शाफ्ट पोत्यात गुंडाळला आणि किक मारता मारता म्हणाला, "अण्णा, आमच्याकडचं एक पोरगं हाय. हातानं चांगलं हाय. ठेवाल काय?"