आंधळा मागतो एक डोळा, पटकथाकार देतो दोन

मालिका लिहायला घेतलीत? छान. टीआरपी घसरला की घरातल्या कुणाला तरी अपंग करायचं, एवढं लक्षात असू द्या. (दिव्यांग म्हणा हवं तर, शब्द बदलायला खर्च येत नाही.) नायिकेला ट्रकने उडवा, पाय जाऊ देत, पण चेहऱ्यावर ओरखडा नको. क्लोजअप असतात.

पात्र देव की दानव, ते आधीच ठरवा. मधलं काही नसतं. कपटी असेल तर लंगडत आणा; दूरदर्शनवरच्या १९८८ च्या महाभारतातला शकुनी उगाच लंगडत होता का? सज्जन असेल तर आंधळी मुलगी, आणि ती सुरेलच गाणार. पडद्यावर बेसूर आंधळी अजून जन्मायची आहे.

आंधळ्याने समोरच्याच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून माणूस ओळखायचा, हेही आलंच. माझा एक आंधळा मित्र बँकेत आहे. तीस वर्षांत त्याने माझ्या तोंडाला हात लावलेला नाही, तो मला माझ्या पोलिओच्या पायातल्या कॅलिपरच्या, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या, आवाजावरून ओळखतो. मोबाइल कानाशी धरून टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) इतक्या वेगात ऐकतो की शेजारच्याला वाटावं, कढईत मोहरी तडतडतेय. लोकलचा अपंगांचा डबा कुठे लागणार, ते फलाटावरच्या बीप-बीपवरून शोधतो आणि आत एखादा धडधाकट ऐसपैस बसलेला सापडला, तर सात पिढ्या उद्धरतो. असला माणूस चुकूनही घेऊ नका. प्रेक्षकांना आवडेल, पण कीव येणार नाही. मग रुमाल भिजणार कसे?

शेवटी बरं करायला विसरू नका. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त निरुपा रॉयची दृष्टी साईबाबांच्या एका गाण्यात परत येते. ना ऑपरेशन, ना डोळ्यांत थेंब, ना पुढच्या तपासणीची तारीख. याला म्हणतात पटकथा! नाहीतर सई परांजप्यांचा ‘स्पर्श’. नसीरुद्दीन शाहचा आंधळा मुख्याध्यापक शेवटपर्यंत आंधळाच, आणि वर कुणी न मागता मदत करायला आलं की चिडतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून काय झालं? माणसाने थोडं तरी कृतज्ञ असावं.

भूमिका अर्थातच चालत्या-फिरत्या नटाला. खऱ्या अपंगाला घेतलं, तर त्यात अभिनय कसला?

आता कोर्टाचं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सिनेमाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय, की अपंगांची टिंगल नको, त्यांना अचाट महामानव करणंही नको आणि लिहिताना-दाखवताना त्यांनाच सोबत घ्या. घाबरू नका, सोबत घेता येतं. मलाच एका मालिकावाल्यांनी घेतलं होतं. नायकाला पोलिओ दाखवायचा होता, त्याला चालायला शिकवा म्हणाले. सेट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये लाइटचं सामान. कठडा धरून वर पोचेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला होता.

हिरो पोरगा गुणी होता. त्याला दाखवलं, की बसायच्या आधी गुडघ्यापाशी पँटवरूनच कॅलिपरचं लॉक सोडवायचं, खट्ट वाजतं, मग पाय वाकतो. उठताना पाय सरळ केला की पुन्हा खट्ट. आपण उठलो हे अख्ख्या खोलीला कळतं, त्याला इलाज नाही. पोराने चार वेळा करून बघितलं, पाचव्यांदा जमलं.

दिग्दर्शकाने मॉनिटरमागून मान वर काढली. “काका, शॉटला एवढा वेळ नाहीये. खट्ट नको. तुम्ही नुसतं चालून दाखवा.”

मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो.

“मजा नाही येत,” तो म्हणाला. “जरा अजून लंगडता का? हे फारच नॉर्मल वाटतंय.”